वाघाचे सोंग

पंचतंत्रात एका गाढवाची गोष्ट आहे. परटाने त्याच्या अंगावर वाघाचे कातडे घातले आणि रात्री त्याला लोकांच्या शेतात चरावयास सोडून दिले. राखणदार भ्याले, पीक फस्त झाले, गाढव धष्टपुष्ट बनले. पुढे एके रात्री दुरून दुसऱ्या गाढवाचा आवाज कानी पडताच त्याच्याने राहवेना. तेही ओरडले आणि त्याचे सोंग उघडे पडले. या गोष्टीत गाढवाच्या मूर्खपणाला सारे हसतात. परंतु ज्याने त्याच्या अंगावर कातडे चढविले आणि मग त्याला एकटे सोडले, त्या परट्याला कोणी फारसा बोल लावीत नाही. कातडे उत्तम होते. चूक झाली ती एवढीच, की आत कोण आहे याचा विचार कातडे घालणाराने केला नव्हता.

सोंग करू पाहणाऱ्या मुलाने ही गोष्ट ध्यानात ठेवूनच कामाला लागावे. वाघाचे सोंग म्हणजे नुसता वाघ नव्हे. तो बाहेरून वाघ आणि आतून माणूस असतो. बाहेरच्या वाघाकडे सर्वांचेच लक्ष जाते. आतल्या माणसाला नीट दिसावे, श्वास घेता यावा, चालता यावे, आणि वेळ आली तर क्षणात बाहेर पडता यावे, याची काळजी मात्र सोंग शिवणारालाच घ्यावी लागते.

महाराष्ट्रात सोंगांची परंपरा जुनी आहे. गावोगाव फिरणारा बहुरूपी, ज्याला काही भागांत रायरंद म्हणतात, तो रोज नवे रूप घेऊन दारी येई. कोकणात शिमग्याच्या दिवसांत सोंगे निघतात. रत्नागिरी आणि दक्षिण रायगडच्या गावांतून होणाऱ्या नमन-खेळ्यांत गणपतीचे सोंग येते. काळ्या वेशातला, उंच निमुळत्या टोपीचा संकासुर येतो, आणि त्याच्या कमरेच्या घुंगरांचा आवाज ऐकून लहान मुले आईच्या पदराआड लपतात. सिंधुदुर्गातील दशावतारी खेळात गणपती सोंडेचा मुखवटा लावून रंगमंचावर येतो. उत्तरेस पालघर जिल्ह्यात जव्हार व मोखाडा या भागांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा भरतो. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण असे मोठमोठे मुखवटे धारण करून आदिवासी कलावंत तेथे रात्रभर नाचतात. हे मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. लाकडाचा मुखवटा डोक्यावर घेऊन रात्रभर नाचणे किती कष्टाचे असेल, हे ज्याने लाकडाची मोळी डोक्यावर वाहिली आहे त्याला सांगावयास नको.

वाघाचे सोंग दोन रीतींनी करता येते. पहिली रीत अंग रंगविण्याची. केरळात त्रिशूर येथे ओणमच्या सणात पोटावर वाघाचे तोंड रंगवून थुलथुलीत पोटाचे लोक नाचतात. कर्नाटकात मंगळूर व उडुपीकडे नवरात्रात अंगावर पट्टे ओढलेले वाघ ढोलाच्या तालावर खेळतात. महाराष्ट्रात व दख्खनच्या इतर भागांतही मोहरमच्या वेळी नवस फेडण्यासाठी वाघ होण्याची चाल होती. या रीतीत सगळे कौशल्य रंगाऱ्याचे आणि नाचणाऱ्याचे. दुसरी रीत मुखवट्याची आणि अंगरख्याची. चीनमध्ये सिंहनृत्यासाठी एकाच सिंहाच्या पोटात दोन माणसे शिरतात. एक डोके सांभाळतो, दुसरा वाकून पाठ होतो, आणि पुढचा माणूस सिंहाच्या उघड्या तोंडातून वाट पाहतो. ही शेवटची युक्ती फार उपयोगाची आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

नवशिक्याला दुसरी रीत अधिक सोयीची. त्यातील प्रत्येक भाग वेगळा तयार होतो, बिघडला तर वेगळा सुधारता येतो, आणि रायगडच्या किनाऱ्यावर त्याला लागणारे बहुतेक सामान घरच्या परसात मिळते.

सामान गोळा करण्यापूर्वी एक काम करावयाचे असते, आणि घाईच्या मुलांना तेच नकोसे वाटते. ते काम म्हणजे पाहणे. रायगडच्या किनाऱ्यावरील रानांत आज पट्टेरी वाघाची वस्ती राहिलेली नाही. तेथे आहे तो बिबट्या. मुरूडजवळचे फणसाडचे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. बिबट्या, भेकर, शेकरू यांचा वास त्या रानात आहे. पण बिबट्या काही मुलाला न्याहाळता यावा म्हणून समोर येऊन बसत नाही, आणि त्याच्या शोधात कोणी जाऊही नये. सुदैवाने त्याच कुळातला एक प्राणी चुलीजवळ झोपलेला असतो. मांजर कसे बसते, उडी मारण्यापूर्वी मागचे अंग कसे हलविते, कान कोणत्या बाजूला वळविते, हे आठ दिवस पाहावे आणि पाटीवर काढावे. मांजर चालताना त्याचे मागचे पाऊल जवळजवळ पुढच्या पावलाच्याच ठशावर पडते. वाघही असाच चालतो. त्याच्या मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला पुष्कळ लोक गुडघा समजतात. वस्तुतः ती टाच आहे. वाघ आणि मांजर टाच उचलून बोटांवर चालतात. एवढी एक गोष्ट ज्याला समजली, त्याच्या वाघाचे पाय पायजम्यासारखे दिसत नाहीत.

डोक्याचेही असेच आहे. वाघाचे तोंड लांबट नसून गोल दिसते, कारण गालांवर केसांचे झुपके असतात. डोळे समोर पाहतात. त्यांच्या बाहुल्या गोल असतात, मांजराप्रमाणे उभ्या चिरेसारख्या होत नाहीत. कान लहान व गोलसर असून त्यांच्या पाठीमागे काळ्या रंगावर एकेक पांढरा ठिपका असतो. सोंगाकडे मागून पाहणारे लोक पुढून पाहणाऱ्यांइतकेच असतात. म्हणून हा ठिपका विसरू नये. ठाणे, पालघर व रायगडकडील आदिवासी वाघोबाची पूजा करतात. त्या देवस्थानांतील लाकडावर वा दगडावर सूर्यचंद्रांबरोबर कोरलेला वाघ अगदी थोड्या रेषांत असतो, तरी तो वाघच आहे याविषयी कोणाला शंका येत नाही. नवशिक्याने त्याच्याकडून हे शिकावे, की केस न् केस दाखविण्याची गरज नसते.

बिबट्या करावा की पट्टेरी वाघ? किनाऱ्यावरच्या मुलाने आपल्याच रानातला बिबट्या करावा, हे खरे शोभून दिसेल. परंतु बिबट्याच्या पाठीवरचे ठिपके साधे नसतात. काळ्या पाकळ्यांची लहान लहान फुले मांडावीत तसे ते असतात, आणि डोक्यावर व पायांवर आले म्हणजे भरीव होतात. अशी शेकडो फुले काढता काढता नवशिक्याचा हात थकतो. पट्ट्यांचे काम सोपे आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, त्यामुळे वाकडा गेलेला पट्टाही खराच ठरतो. शिवाय कापडाच्या शिवणी पट्ट्यांखाली झाकल्या जातात. पहिले सोंग पट्टेरी वाघाचे करावे आणि दुसऱ्या वर्षी बिबट्याला हात घालावा, हे बरे.

आरंभ डोक्यापासून होतो. डोके जमले की पुढचे काम करण्याचा हुरूप येतो. अंगरखा आधी शिवला आणि डोके बिघडले, तर अंगरखा तसाच पेटीत पडून राहतो.

सोंग घेणाऱ्याच्या कपाळाभोवती दोरा गुंडाळून माप घ्यावे. समजा ते ५४ सेंटिमीटर भरले. डोके आणि मुखवटा यांमध्ये सगळीकडून ५ सेंटिमीटर जागा मोकळी हवी. म्हणजे वर्तुळाची त्रिज्या ५ सेंटिमीटरने वाढली, आणि त्रिज्या एवढी वाढली म्हणजे परीघ सुमारे ३१ सेंटिमीटरने वाढतो. तेव्हा मुखवट्याचा आतला घेर ८५ सेंटिमीटर असावा. एवढा घेर ऐकून मुले चकित होतात, आणि आपल्या अंदाजाने लहान साचा घेतात. मग सगळे काम झाल्यावर डोके आत शिरत नाही.

एवढा मोठा मातीचा गोळा करावयाचा तर माती फार लागेल. म्हणून त्याच घेराचे जुने मडके घ्यावे व ते पालथे घालावे. मडक्यावर फक्त नाकाड, गाल आणि कपाळाचा उंचवटा एवढाच भाग मातीने वाढवावा. याच जिल्ह्यातील पेण हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर ज्या शाडूच्या मातीत काम करतात ती गुजरातेतून येते. ती मऊ असते व तिच्यावर बारीक रेषा उमटतात. सोंगाच्या साच्याला एवढी नाजूक माती लागत नाही. शेताची चिकणमाती, खडे वेचून व मळून घेतली तरी पुरते. मात्र पेणच्या कारागिरांची एक सवय घेण्यासारखी आहे. ते मूर्ती सारखी फिरवून सगळ्या बाजूंनी पाहतात. समोरून सुंदर दिसणारे नाकाड बाजूने पाहिले म्हणजे पुष्कळदा डुकराचे निघते.

मातीवर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजविलेल्या कागदाचा द्यावा. त्याला खळ लावू नये. हा थर असला म्हणजे मुखवटा मातीला चिकटत नाही. नंतरचे थर खळीने चिकटवावेत. खळ गव्हाच्या पिठाची चालते, परंतु चिंचोक्याची अधिक चिवट होते. चिंचोके भाजून त्यांची साले काढतात, भिजवून वाटतात आणि मंद आचेवर शिजवितात. घोंगडी विणणारे धनगर लोकरीच्या धाग्याला हीच खळ देतात. जी खळ घोंगडीला ताठपणा देते, ती वाघाच्या गालालाही देते.

कागद जुन्या वर्तमानपत्राचा घ्यावा. त्याच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कात्रीने कापू नयेत, हातांनी फाडाव्यात. फाडलेल्या कडेला तंतू सुटे होतात व खालच्या थरात मिसळून जातात. कापलेली कड मात्र रंगाखालूनही रेघेसारखी दिसत राहते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, कारण कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला वळलेले असतात. यासाठी एक थर उभ्या पट्ट्यांचा आणि पुढचा आडव्या पट्ट्यांचा द्यावा. असे केले म्हणजे मुखवटा कोणत्याच बाजूने सहज फाटत नाही. एक थर छापील कागदाचा, दुसरा कोऱ्या कागदाचा असा क्रम ठेवला, तर कोठे जागा राहिली ते लगेच कळते. सहा-सात थर पुरे होतात. त्याहून अधिक दिले तर मजबुती थोडी वाढते व ओझे पुष्कळ वाढते.

यानंतरचे काम धीराचे आहे, कारण ते वाळण्याचे आहे. दोन थर झाले की एक दिवस थांबावे. किनाऱ्यावरची हवा दमट, आणि पावसाळ्यात तर ती इतकी दमट की कागद वाळण्यापूर्वीच त्याला बुरशी येते. म्हणून हे काम माघात हाती घ्यावे. फाल्गुनातल्या शिमग्यापर्यंत ते सावकाश पुरे होते. मुखवटा सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावा. कडक उन्हात वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि वाघाचे तोंड वाकडे होते.

पूर्ण वाळल्यावर डोक्याच्या मधून, दोन्ही कानांच्या जागेवरून, सुरीने चीर द्यावी. हे काम मोठ्या माणसाने करावे. पुढचा व मागचा असे दोन भाग सुटे झाले की मडके व माती काढून घ्यावी, भाग पुन्हा जुळवावेत आणि सांध्यावर आतून-बाहेरून पट्ट्या चिकटवाव्यात. कान पुठ्ठ्याचे. गालांचे झुपके नारळाच्या काथ्याचे. मिशांसाठी माडाच्या झावळीचे हीर घ्यावेत; ते बारीक, लवचीक व ताठ असतात. मात्र त्यांची टोके बोथट करावीत, कारण शिमग्याच्या गर्दीत लहान मुलांचे डोळे नेमके वाघाच्या मिशांच्या उंचीवर येतात.

आता मुखवट्याच्या आतल्या बाजूकडे वळावे. येथेच सोंगाची खरी परीक्षा असते, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणालाही ती दिसत नाही.

पहिला प्रश्न डोके स्थिर राहण्याचा. मोकळा मुखवटा डोक्यावर घातला तर माणूस डावीकडे वळतो आणि वाघ समोरच पाहत राहतो. यावर उपाय प्रत्येक घरात आहे. पाण्याची घागर किंवा मासळीची पाटी डोक्यावर घेताना बायका ज्या चुंबळीचा आधार घेतात, तशीच कापडाची चुंबळ मुखवट्याच्या आत, टाळूच्या जागी शिवून बसवावी. आणखी दोन लहान गाद्या गालांजवळ लावाव्यात. नाकाड पुढे असल्यामुळे मुखवटा पुढे झुकतो. तेव्हा नाकाडाचा भाग आतून पोकळच ठेवावा, त्यात चिंध्या भरू नयेत. हनुवटीखाली बांधावयाच्या बंदाला सुरगाठ मारावी, निरगाठ कधीही मारू नये. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. घाबरलेल्या माणसाच्या बोटांना निरगाठ सुटत नाही.

दुसरा प्रश्न पाहण्याचा. नवशिका वाघाच्या डोळ्यांना भोके पाडतो आणि त्यांतून पाहू लागतो. ती भोके लहान असतात, दोन्ही नेमकी आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत, आणि पायाखालचे तर मुळीच दिसत नाही. येथे चिनी सिंहाची युक्ती वापरावी. मुखवटा असा बसवावा, की माणसाचे डोळे वाघाच्या उघड्या जबड्यासमोर येतील. वाघाचे रंगविलेले डोळे माणसाच्या कपाळाच्या वर राहतील. वाघ थोडा उंच होतो, पण त्याने काही बिघडत नाही. जबड्यात काळी जाळीदार चिंधी ताणून बसवावी. बाहेर उजेड आणि आत अंधार असल्यामुळे आतल्या माणसाला जाळीतून बाहेरचे दिसते, बाहेरच्या माणसाला मात्र वाघाच्या घशातला काळोखच दिसतो. दिवसा घराच्या खिडकीतून आत डोकावणाऱ्याला जसा खोलीचा अंधार दिसतो, तसाच हा प्रकार आहे. रात्री हा नियम उलटतो. आतल्या माणसाला मग फारच थोडे दिसते, म्हणून नवशिक्याने वाघ दिवसाउजेडीच काढावा.

तिसरा प्रश्न श्वासाचा व उकाड्याचा, आणि तो सर्वांत मोठा. माणसाच्या शरीरात उष्णता सारखी निर्माण होत असते. घाम येतो, तो वाळतो, आणि वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. घाम आला पण वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम आधीच सावकाश वाळतो. त्यात अंगावर जाड कापड, डोक्यावर कागदाचा मुखवटा आणि त्यावर नाच! फाल्गुनातल्या दुपारी असा नाच करणाऱ्या मुलाला पंधरा-वीस मिनिटांत भोवळ येऊ शकते. आणि ती आलेली बाहेर कोणाला कळत नाही, कारण वाघाचा चेहरा होता तसाच हसरा किंवा रागीट राहतो.

यासाठी मुखवट्याला माथ्यामागे, काथ्याच्या केसांखाली, तीन-चार भोके ठेवावीत. कौलारू घरात वर धुराडे असते, त्याच कारणाने. गरम हवा वर जाते व तेथून निघून जाते. मानेपाशी मुखवटा अंगरख्याला शिवून टाकू नये. तेथे कापडाची सैल झालर सोडावी, म्हणजे खालून ताजी हवा आत येते. दर दहा मिनिटांनी वाघाने आडोशाला जाऊन डोके काढावे, पाणी प्यावे आणि तोंड पुसावे. डोके दुखू लागले, मळमळले, अंधारी आली, तर त्या दिवशीचा वाघ तेथेच संपला असे समजावे. सोंग उतरवावे, सावलीत बसावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे, आणि एवढ्याने बरे न वाटल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

अंगरख्याचे काम त्यामानाने सरळ आहे. कापड मांजरपाटाचे घ्यावे. गोणपाट स्वस्त व रानटी दिसते खरे, पण ते अंगाला टोचते व फार उकडते. मांजरपाट पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते आधी भिजवून वाळवावे, मगच बेतावे. मापे ताठ उभे राहून घेऊ नयेत. वाघ वाकतो, बसतो, चवड्यावर येतो; तेव्हा मापही गुडघे वाकवून व हात पुढे पसरून घ्यावे. काखेत आणि दोन्ही पायांच्या मध्ये कापडाचा चौकोनी तुकडा जादा घालावा. तो घातला नाही तर पहिल्याच उडीला शिवण उसवते, आणि वाघाला दोन्ही हात मागे धरून घरी परतावे लागते.

पूर्वी सांगितलेली टाच येथे उपयोगी पडते. अंगरख्याच्या आत मांडीला पुढच्या बाजूने आणि पोटरीला मागच्या बाजूने जुन्या सुती कापडाच्या पातळ गाद्या शिवाव्यात. माणसाचा पाय सरळच राहतो, पण बाहेरून तो वाघाच्या पायासारखा वाकलेला दिसतो. गाद्यांत पेंढा भरू नये. पायांत कापडी पंजे घालावयाचे तर त्यांच्या खाली जुन्या वहाणांचे तळ बसवावेत, नाही तर शेणाने सारवलेल्या अंगणात वाघ घसरतो. हातांच्या पंजांत बोटे मोकळी राहतील असे करावे. सुरगाठ त्याच बोटांनी सोडावयाची असते.

शेपटी काथ्याच्या दोरावर कापड गुंडाळून होते. ती कशी जोडावी, याला मात्र महत्त्व आहे. गावातील एकही मूल वाघाची शेपटी ओढल्यावाचून राहत नाही. शेपटी अंगरख्याला पक्की शिवली तर अंगरखा फाटतो. कमरेच्या पट्ट्याला बांधली तर वाघ उताणा पडतो. म्हणून ती कच्च्या दोऱ्याचे चार टाके घालून लावावी. ओढली की ती ओढणाऱ्याच्या हातात येते, सारे लोक हसतात, आणि पुन्हा चार टाके घातले की वाघ तयार होतो.

रंगासाठी गेरू, पिवळी माती आणि काजळ पुरते. आधी मुखवट्यावर खडूच्या पुडीचा खळीत कालवलेला पांढरा हात द्यावा. पुष्कळ मुले पिवळ्या रंगासाठी हळद घेतात. हळद उन्हात उडते. शिवाय पांढऱ्या हातासाठी चुना वापरला असेल, तर त्यावर हळद लावताच वाघ लाल होतो; हळदीपासून कुंकू करतात ते अशाच रीतीने. पोट, गाल आणि डोळ्यांवरची जागा पांढरी सोडावी. पट्टे पाठीकडून पोटाकडे उतरते काढावेत व टोकांना निमुळते करावेत. खऱ्या कातड्याचा तुकडा, नख किंवा केस कोणी देऊ केले तर ते घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा वस्तू बाळगणे हा गुन्हा ठरविला आहे.

आज बाजारात तयार सोंगेही मिळतात. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा अप्पू नावाचे हत्तीचे पिल्लू त्यांचे बोधचिन्ह होते; त्यानंतरच्या काळात खेळांच्या मैदानांवर आणि दुकानांच्या दारांत प्राण्यांचे पोशाख घातलेली माणसे सर्रास दिसू लागली. त्या पोशाखांची केसाळ कापडे बहुधा कृत्रिम धाग्यांची असतात. ती दिसतात मोठी गोंडस, पण आग लागली तर वितळून अंगाला चिकटतात. सुती कापडही जळते, पण असे चिकटत नाही.

आगीची गोष्ट निघालीच आहे, तर तिच्याविषयी स्पष्टच सांगितले पाहिजे. शिमगा हा होळीचा सण आहे. कागद, काथ्या, कापड यांनी बनलेला वाघ होळीपाशी नेणे म्हणजे गवताची गंजी चुलीपाशी रचणे होय. होळी, मशाली, फटाके यांपासून वाघाने निदान पन्नास पावले दूर राहावे. एवढे करूनही कपड्याला ठिणगी लागलीच, तर धावू नये. धावल्याने वारा लागून आग भडकते. जमिनीवर लोळावे, आणि सोबत्याने घोंगडी टाकून ज्वाळा दाबाव्यात.

हा सोबती म्हणजे वाघाइतकाच महत्त्वाचा खेळगडी होय. त्याला मुखवटा नसतो, टाळ्याही मिळत नाहीत. परंतु वाघाला बाजूचे काही दिसत नाही, ऐकूही कमी येते. पायरी आली, खळगा आला, गावातून जाणाऱ्या रस्त्यावर मोटार आली, तर ते सोबत्यानेच सांगावयाचे असते. गावातील कुत्रीही अनोळखी रूप पाहून अंगावर येतात; त्यांना तोच आवरतो. दोघांनी आधीच खुणा ठरवाव्यात. सोबत्याने वाघाच्या खांद्यावर एकदा थोपटले तर थांबावे, दोनदा थोपटले तर मागे फिरावे. वाघाने पंजा छातीवर ठेवला तर त्याला बरे वाटत नाही असे समजून काही न विचारता त्याला आडोशाला न्यावे. परटाच्या गाढवाजवळ असा कोणी नव्हता.

अंगणात तीन-चार दिवस तालीम करावी. पहिल्या दिवशी नुसते डोके घालून चालावे, दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढाव्यात-उतराव्यात, मग अंगरखा चढवावा. वाघाने फार ओरडू नये. मुखवट्यातून आवाज घुमट येतो व माणसाचाच वाटतो. मांजरासारखे हळूच पाऊल टाकावे, थांबावे, मान सावकाश वळवावी. असा वाघ आला म्हणजे मोठी मुले पुढे सरसावतात आणि लहान मुले रडू लागतात. अगदी लहान मूल फारच भ्याले तर सोबत्याने त्याला जरा दूर न्यावे, आणि वाघाने तेथेच खाली बसून आपले डोके काढून दाखवावे. वाघाच्या आतून आपल्या शेजारचाच दादा घामाघूम होऊन बाहेर आलेला पाहिला, की ते मूल पुष्कळदा त्याच पावली परत येऊन मिशा ओढू लागते.

शिमगा सरला म्हणजे अंगरखा धुऊन वाळवावा. तो धुतल्यावर मातीचा रंग बराचसा जातो व पुढच्या वर्षी पट्टे नव्याने काढावे लागतात. मुखवट्याची चुंबळ काढून उन्हात टाकावी. मुखवटा आतून पुसून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या फडक्यात गुंडाळून, माळ्यावर चुलीच्या बाजूला ठेवावा, म्हणजे पावसाळ्यात त्याला ओल धरत नाही. माघ आला की तो खाली काढावा. एखादा कान उंदरांनी कुरतडलेला असतो, जबड्याजवळचा थर सुटलेला असतो. आणि ज्या मुलासाठी तो केला त्याचे डोके वर्षभरात थोडे मोठे झालेले असते. आतली चुंबळ उसवून जरा सैल शिवावी लागते.